एका मोळीची वीज

ताणकाट्याची सुई २६ वर थांबली. मोळी आंब्याच्या खालच्या फांदीला टांगली होती. ऐनाच्या मनगटाएवढ्या फांद्या, थोडा कुडा, मधोमध एक वाकडं खोड आणि सगळ्याला पळसाच्या वाकाचे दोन आवळ. जागा खर्डी स्टेशनापासून सहा किलोमीटर आत, शहापूर तालुक्यातला एक ठाकूर पाडा. ऑक्टोबरचा मध्य, भात पिवळं पडू लागलेलं. मोळी आणणाऱ्या मावशींनी सुईकडे पाहिलंही नाही. "आता वजन करून काय कळनार, बाबा? सुकला का हलका व्हतो," एवढं म्हणून त्या पाणी प्यायला आत गेल्या.

मला नेमकं तेच मोजायचं होतं. कल्याणला मिळते तेवढी किंमत, दीडशे रुपये, देऊन मी ती मोळी त्यांच्याच ओट्यावर पत्र्याखाली ठेवायला सांगितली आणि जानेवारीच्या शेवटी परत गेलो. त्याच काट्यावर ती १८ किलो भरली. साडेतीन महिन्यांत आठ किलो पाणी उडून गेलं होतं. डोंगरावरून पाड्यापर्यंतच्या वाटेवर मावशींनी लाकडाबरोबर जवळजवळ अर्धी घागर पाणीही डोक्यावरून उतरवलं होतं, आणि त्या पाण्याचा कोणालाच उपयोग नव्हता. चुलीला नाही, भट्टीला नाही, वीज करणाऱ्या यंत्राला तर मुळीच नाही.

खेड्यातल्या लोकांनी आपल्याच जंगलातल्या लाकडावर आपली वीज तयार करावी, ही कल्पना दर काही वर्षांनी नव्या नावाने पुढे येते. तिच्या हिशेबाच्या तक्त्यात इंधनाच्या रकान्यात 'स्थानिक, मोफत' असं लिहिलेलं असतं. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलरवर काढली आणि पुढे एका पाड्यावर लाकडाची वीज करून पाहण्याच्या खटपटीतही होतो. त्या 'मोफत' शब्दाबद्दल मला बोलायचं आहे.

आधी लाकूड. बॉयलरवरचा माणूस लाकूड डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पारखतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायच्या. सुकी असतील तर खणखणीत वाजतात, ओली असतील तर बद्द आवाज येतो. ओलं लाकूड भट्टीत टाकलं की दुसऱ्या टोकातून फेस येतो, धुराड्यातून पांढरी वाफ निघते आणि बाष्पदाबाचा काटा हळूहळू मागे सरकतो. त्याचं कारण साधं आहे. आगीची बरीचशी कमाई लाकडातलं पाणी उकळवण्यातच खर्च होते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोत साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता असते. पंधरा टक्के ओल असलेल्या लाकडातून त्यातली ३,७०० च्या आसपास हाती लागते. ओल पंचेचाळीस टक्क्यांवर गेली की २,२०० उरते. मावशींची मोळी ऑक्टोबरात साधारण चाळीस टक्के पाण्याची होती आणि जानेवारीत पंधरा टक्क्यांवर आली.

एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे सुक्या लाकडाच्या एका किलोत चार युनिटांहून जास्त विजेइतकी उष्णता भरलेली असते. पण उष्णतेची वीज करताना निसर्ग मोठा कर घेतो. लहान यंत्रात, सगळं नीट चाललं तर, एका युनिटाला सव्वा ते दीड किलो सुकं लाकूड लागतं. मावशींच्या १८ किलोंतून तेरा युनिट निघतील. त्यातलं एक-दीड युनिट यंत्राचाच पंखा, पंप आणि लाकूड कापायची करवत खाईल. हातात आली साडेअकरा युनिट.

ते यंत्र मी जवळून पाहिलं ते २००७ च्या सुमारास, शहापूर तालुक्यातल्याच दुसऱ्या एका पाड्यावर. तेव्हा केंद्र सरकारचा ग्राम ऊर्जा सुरक्षा कार्यक्रम देशभर काही गावांत चालू होता. गावाचं सरपण, गावाचं यंत्र, गावाची समिती, अशी त्याची कल्पना. आमचा पाडा त्या कार्यक्रमात नव्हता. एका धर्मादाय संस्थेने देणग्या जमवून दहा किलोवॅटचा गॅसिफायर बसवला होता आणि बॉयलरचं प्रमाणपत्र असलेला माणूस म्हणून मला रविवारी बोलावत. मी कसाऱ्याच्या गाडीने जायचो.

गॅसिफायर म्हणजे मुद्दाम उपाशी ठेवलेली आग. लोखंडी पिंपात वरून सुपारीपासून मुठीएवढ्या आकाराचे लाकडाचे तुकडे टाकायचे. मध्यावर नळ्यांतून हवा सोडायची, पण लाकूड पूर्ण जळायला लागते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. वरच्या थरात लाकूड सुकतं, त्याखाली भाजून धूर आणि कोळसा सुटे होतात, नळ्यांच्या तोंडाशी धूर जळतो, आणि सगळ्यात खाली लाल कोळशाच्या थरातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो. हा वायू अगदी कमी कसाचा असतो, कारण त्यात निम्मा तर हवेतला नायट्रोजन. तरी इंजिन त्यावर चालतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडच्या मोटारी आणि बसगाड्या पाठीमागे भट्टी बांधून याच वायूवर धावल्या. वडीलधाऱ्यांकडून 'कोळशाची गाडी' हा शब्द पुष्कळांनी ऐकला असेल. त्या गाड्या कोळशावर चालत, लाकडावर नाही, आणि यात सगळी मेख आहे. कोळसा करताना लाकडातलं, इंजिनात चिकटून बसणारं डांबर आधीच उडून गेलेलं असतं. पण मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा करायला चार-पाच किलो लाकूड जातं. ठाणे-रायगडच्या कातकऱ्यांच्या कित्येक पिढ्या उचल घेऊन त्या भट्ट्यांवर राबल्या आहेत. स्वस्त इंधन कोणाच्या अंगावर स्वस्त होतं, ते त्यांना विचारावं.

यंत्र सुरू करताना वायू आधी एका नळीच्या तोंडाशी पेटवून पाहायचा. ज्योत निळसर आणि स्वच्छ असली तर इंजिनाकडे सोडायचा. पिवळी, धुरकट असली तर थांबायचं. शेडच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवायच्या, कारण या वायूतला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो. हे मी तिथल्या दोन तरुणांना शिकवलं आणि ते माझ्यापेक्षा लवकर तरबेज झाले. पहिल्या संध्याकाळी चाळीस घरांत दिवे लागले, तेव्हा पाड्यावरची म्हातारी माणसं अंगणात येऊन बसली. कोणी काही बोललं नाही. एक पोर वहीची पानं उलटत दिव्याखाली बसलं होतं. ते मी आजही विसरलेलो नाही, आणि पुढचा हिशेब कितीही उलटा निघाला तरी त्या संध्याकाळचं मोल मी कमी करणार नाही.

मार्च, एप्रिल, मे छान गेले. मग पाऊस आला. ठाणे जिल्ह्याचा पाऊस, चार महिने, लाकूड कोरडं राहील असं घरातली चूल सोडून दुसरं ठिकाण तेव्हा नव्हतं. ओलं लाकूड पिंपात गेलं की आतली उष्णता उतरते, धूर पुरता जळत नाही आणि वायूबरोबर डांबर वाहत येतं. त्यात रात्रीचा भार यंत्राच्या निम्म्याहून कमी. भार कमी म्हणजे ओढ कमी, म्हणजे आग आणखी थंड. जुलैत एका घरी हळद असताना इंजिन बंद पडलं. मी रविवारी गेलो तेव्हा झडपा चिकटून बसल्या होत्या. काळ्या व्हार्निशसारखा थर, रॉकेलमध्ये भिजवून पत्रीने खरवडावा लागला. वायू धुतलेलं पाणी वेगळंच दुखणं झालं. ते काळपट, उग्र वासाचं पाणी शेडमागे सोडलं जात होतं आणि उताराला विहीर होती. एका बाईने वास ओळखला म्हणून वेळेवर चर खणून ते अडवलं. त्यानंतर डिझेल मिसळून यंत्र चालवायचं ठरलं, डिझेल आसनगावहून आणावं लागे, आणि दुसऱ्या वर्षी ते थांबलं. यात कोणाची फसवणूक नव्हती. संस्थेची माणसं प्रामाणिक होती, तरुण मेहनती होते. हिशेबच बसत नव्हता.

तो हिशेब आजच्या दराने मांडतो. यंत्राची किंमत धरतच नाही, ती देणगीतून किंवा अनुदानातून आली असं समजू.

चाळीस घरं, प्रत्येकी शंभर वॅट, संध्याकाळचे पाच तास. रोजची २० युनिट, वर्षाची ७,३००. यंत्रावर एक माणूस लागतोच. लाकूड तोडणं, भरणं, राख काढणं, गाळणी धुणं, हे दुसऱ्या कामाच्या फटीत होत नाही. त्याला महिना आठ हजार म्हणजे फारच कमी, पण तेवढे धरले तरी वर्षाचे ९६ हजार झाले. युनिटामागे तेरा रुपये मजुरीच. आता लाकूड. १८ किलोंची सुकी मोळी दीडशेला आणि तिच्यातून साडेअकरा युनिट, म्हणजे युनिटाला पुन्हा तेरा रुपये. तेलपाणी, गाळणी, दुरुस्ती मिळून दोन-तीन. बेरीज अठ्ठावीसच्या पुढे. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला शंभर युनिटांपर्यंत वहन आकारासह सहा रुपयांच्या आसपास दर पडतो.

पिठाची गिरणी जोडा, पाण्याचा पंप जोडा, दिवसाही यंत्र चालवा, असा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबर आहे. रोज ६० युनिट विकली गेली तर माणसाचा पगार युनिटामागे साडेचार रुपयांवर येतो. मोठ्या वीजकेंद्राचं सगळं अर्थशास्त्र यातच आहे. ठाकुर्लीला रेल्वेचं चोळ्याचं पॉवर हाऊस १९२९ मध्ये सुरू झालं. दगडी कोळशाच्या वाघिणी तिथे रिकाम्या होत, आणि तिथल्या शेकडो माणसांचा पगार रेल्वेच्या विजेच्या गाड्यांवर वाटला जात असे. आज चंद्रपूरच्या कोळशाची वीज उच्चदाबाच्या एकदिश वाहिनीवरून साडेसातशे किलोमीटर येऊन आपल्या पडघ्याला उतरते, ती वाहिनी १,५०० मेगावॅटची आहे. दहा किलोवॅटच्या यंत्राला हा फायदा कधीच मिळत नाही.

पण गिरणी आणि पंप जोडूनही एक आकडा जागचा हलत नाही: लाकडाचे तेरा रुपये. यंत्र जितकं जास्त चालेल तितकं लाकूड जास्त. मग प्रकल्प अहवाल काय करतात? तो आकडा शून्य लिहितात. शून्य लिहिला की वीज एकदम सात रुपयांवर येते आणि प्रकल्प उभा राहतो.

हे शून्य कोणाचं? जंगलात जाणं, सुकी फांदी शोधणं, कोयत्याने तोडणं, बांधणं, पाड्यापर्यंत आणणं, यात मावशींचा अर्धा दिवस जातो. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे अर्ध्या दिवसाचे १५६. मोळीची कल्याणची किंमत दीडशे. म्हणजे पाड्यावरून खर्डी स्टेशन, तिथून गाडीच्या मालडब्यातून आटगाव, आसनगाव, वासिंद, टिटवाळा करत कल्याण, ही दुसऱ्या अर्ध्या दिवसाची फेरी फुकटच होते. रोज ६० युनिट वीज हवी तर रोज पाच मोळ्या हव्यात. पाच बायकांचा अर्धा-अर्धा दिवस, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, पावसात सुद्धा. त्याला मोफत म्हणायचं असेल तर पगारपत्रकात त्या पाच जणींच्या नावापुढे शून्य लिहून दाखवा आणि ग्रामसभेत ते वाचा.

कायद्यानेही ते मोफत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपत्ता यांच्याबरोबर झुडपी लाकूड आणि बुंधेही आहेत. त्यावर मालकी तिथल्या वननिवासी लोकांची. उद्या कोणी वीजप्रकल्प घेऊन आला तर त्याने ते ग्रामसभेकडून भाव ठरवून विकत घ्यायला हवं.

इतर ठिकाणी काय झालं ते पाहिलं तर हाच धडा निघतो. कर्नाटकातल्या होसहळ्ळी गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी १९८८ मध्ये गॅसिफायर लावला. त्यांनी जंगलाला हात न लावता दोन हेक्टरांवर सरपणाची वेगळी झाडं लावली, दिव्यांबरोबर नळाचं पाणी आणि गिरणी जोडली आणि तो प्रकल्प चौदा वर्षांवर चालवून दाखवला. पाठीशी देशातली पहिल्या दर्जाची विज्ञानसंस्था होती, हेही ध्यानात ठेवावं. सुंदरबनातल्या गोसाबा बेटावर १९९७ पासून ५०० किलोवॅटचं केंद्र चाललं. तिथे ग्रिडची तार जात नव्हती आणि स्पर्धा महाग डिझेलशी होती, म्हणून लाकूड परवडलं. बिहारमध्ये २००७ मध्ये भाताच्या तुसावर गावोगाव लहान केंद्रं सुरू झाली. तूस गिरणीवर आधीच साठलेला असतो, तो वेचायला कोणाला डोंगर चढावा लागत नाही. तरी सौर पॅनेल स्वस्त झाल्यावर ती केंद्रं चालवणाऱ्यांनीही सूर्याकडे वळायचं ठरवलं. जिथे जैवभार दुसऱ्याच कामाने एका जागी गोळा झालेला आहे, किंवा जिथे दुसरी वीज पोचतच नाही, तिथे हा हिशेब जमतो. खर्डीच्या डोंगरात यातलं काहीच लागू होत नाही.

शिवाय जंगलातली फांदी कोणाची वाट पाहत पडलेली नसते. ठाण्याच्या भातशेतीत राब भाजायची जुनी रीत आहे. रोपं टाकायच्या जागी ऐनाचा टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून उन्हाळ्याच्या शेवटी जाळायचं. त्याच टहाळावरून गेल्याच्या आधीच्या शतकात सरकार आणि शेतकरी यांच्यात एवढा तंटा झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगलांसाठी आयोग नेमावा लागला. पावसाआधी आगोटीला घरोघर सरपण भरलं जातं. वीटभट्ट्यांना लाकूड लागतं, लग्नातल्या आचाऱ्यांना लागतं. या सगळ्यांच्या ताटातून घेऊन डायनामो फिरवायचा आहे, हे ध्यानात घेऊनच बोलावं.

सगळ्यात मोठं ताट चुलीचं. मी त्या चाळीस घरांपैकी सात घरांत आठ दिवस रोज सकाळी सरपणाचा ढीग मोजला आणि संध्याकाळी उरलेला मोजला. सरासरी पाच किलोंच्या पुढेमागे आली. चाळीस घरांचं रोजचं २०० किलो, वर्षाचं ७३ टन. संध्याकाळच्या दिव्यांसाठी गॅसिफायरला लागलं असतं रोज एकतीस किलो, वर्षाला अकरा टन. म्हणजे दिव्यांच्या सहापटींहून जास्त लाकूड चुलीत जातं, आणि तीन दगडांच्या चुलीत त्यातली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते. चूल सुधारून, नुसतं सरपण सुकं ठेवून, यात तिसऱ्या हिश्श्याची बचत झाली तरी ते चोवीस टन होतात. दोन गॅसिफायरना पुरेल एवढं लाकूड, यंत्र न आणता. बायकांच्या मोळ्या तेवढ्या कमी, घरातला धूर तेवढा कमी. उज्ज्वलाचे सिलिंडर पाड्यावर पोचले आहेत, पण पुन्हा भरायला पैसे हवेत आणि ते आणायला गाडी हवी, म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर अशी वाटणी झाली आहे.

बंद पडलेल्या गॅसिफायरची शेड अजून आहे. यंत्र कधीच गेलं. पाड्याने ती शेड सरपण ठेवायला घेतली आहे, दोन बाजू उघड्या असल्याने वारा खेळतो आणि ऑगस्टातही तिथलं लाकूड खणखणीत वाजतं. त्या साऱ्या प्रयोगातून पाड्याच्या रोजच्या कामाला आलेली गोष्ट ती.

मग लाकडाचा पैसा कुठे होतो? जिथे उष्णताच हवी असते तिथे. भिवंडीच्या सायझिंगमध्ये जा. मागासाठी लागणाऱ्या सुताला खळ लावून वाफेच्या गरम ढोलांवर वाळवतात. तिथल्या बॉयलरला लाकूड आणि पांढरा कोळसा, म्हणजे भुसा, काड्या, शेंगांची टरफलं दाबून केलेल्या कांड्या, दोन्ही चालतात. आमच्या डोंबिवलीच्या कारखान्यातही शेवटची वर्षं पांढरा कोळसाच येई. बॉयलर बरा असेल तर एक किलो सुक्या लाकडातून चार किलो वाफ होते आणि लाकडातली पासष्ट टक्के उष्णता कामाला लागते. विजेत जेमतेम सोळा ते अठरा टक्के लागते. तेच लाकूड, तीनपटींहून जास्त उपयोग. म्हणून सायझिंगवाला लाकडाला जो भाव देऊ शकतो तो वीज करणारा कधीच देऊ शकत नाही. कोणी वीजकेंद्र उभारलं आणि लाकूड उघड्या बाजारातून घ्यायचं ठरवलं तर बॉयलरवाले त्याला पहिल्या वर्षीच मागे टाकतील.

आता आपल्या शहरांकडे येतो, कारण एका जागी आयता जमा होणारा लाकूडफाटा डोंगरात नाही, इथे आहे. दर मे महिन्यात ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत आणि कल्याण-डोंबिवलीत गल्लोगल्ली पावसाआधीची छाटणी होते. रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ. मी गेल्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर तीन सकाळ उभा राहून पाहिलं. जाड ओंडके संध्याकाळपर्यंत उचलले जातात, त्यांना वखारीत भाव आहे. मनगटाहून बारीक फांद्या आणि पाला पडून राहतात, पहिल्या पावसात भिजतात, आणि मग त्यांचं काय करायचं हा प्रश्न होतो. कल्याणचं आधारवाडीचं क्षेपणभूमीचं मैदान २०२१ मध्ये बंद झालं, ते चांगलंच झालं. ओल्या कचऱ्यासाठी महापालिकेचे बायोगॅस प्रकल्प आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या निसर्गऋण पद्धतीने माथेरानसारख्या ठिकाणी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर रस्त्यावरचे दिवेही लागले. पण फांदी बायोगॅसच्या टाकीत जिरत नाही. लाकडातलं लिग्निन त्या जिवाणूंना पचत नाही. तिला आगच लागते.

त्या फांद्यांची वीज करावी का? मला विचाराल तर नाही. आधी त्या फांद्या यंत्राने बारीक करून पत्र्याच्या, बाजू उघड्या शेडमध्ये सुकवाव्यात आणि दाबून त्यांच्या कांड्या कराव्यात. मग त्यांना सगळ्यात जवळचं गिऱ्हाईक द्यावं. ते आपल्या स्मशानभूमी आहेत. उघड्या चितेला तीनशे किलो आणि त्याहून जास्त लाकूड लागतं, आणि ते कुठल्यातरी जंगलातून किंवा बांधावरून येतं. नागपुरात पिकांच्या काड्यांपासून दाबून केलेलं मोक्षकाष्ठ अंत्यसंस्कारांना वापरतात, लोकांनी ते स्वीकारलं आहे. ठाण्यात जवाहरबागेला, डोंबिवलीत पाथर्लीला शहरातल्याच झाडांच्या फांद्या कांड्यांच्या रूपाने गेल्या तर शहापूर-मुरबाडच्या डोंगरावरचा तेवढा भार उतरेल. उरलेल्या कांड्या एमआयडीसीतले बॉयलर घेतील. वीज करायचा विचार त्यानंतर, आणि तोही वाफ आणि वीज दोन्ही वापरणारा कारखाना शेजारी असेल तरच.

दोन्ही महापालिकांच्या उद्यान विभागांना आणि आपल्या गृहसंकुलांच्या समित्यांना माझी विनंती आहे. या मे महिन्यात छाटणीच्या गाडीबरोबर एक वजनकाटा ठेवा. किती टन फांद्या निघाल्या, किती ओल्या होत्या, कुठे गेल्या, एवढं एका वहीत लिहा. तो आकडा हातात आल्याशिवाय कोणताही प्रकल्प मंजूर करू नका. आणि पाड्यावरच्या विजेची योजना कोणी मांडली तर इंधनाच्या रकान्यात मोळी आणणारीची मजुरी आधी लिहायला लावा.

मावशींची मोळी मी विकत घेतली होती, पण डोंबिवलीला आणली नाही. त्यांच्या घरात महावितरणचा मीटर आहे, एक दिवा आणि एक पंखा चालतो. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी दिवा लावून त्यांनी मोळीचा वरचा आवळ सोडला आणि चार फांद्या चुलीत सारल्या. त्यांवर अकरा भाकऱ्या झाल्या.